औषधाच्या काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न : आरोग्याची कुठली माहिती खरी मानायची?

मिरजेत औषधाचं दुकान चालवून मला सव्वीस वर्षं झाली. गावाची ओळखच दवाखान्यांची. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कोल्हापूरकडचे, कर्नाटकातले पेशंट रेल्वेने मिरज गाठत आलेत. पूर्वी काउंटरवर चिठ्ठी यायची. आता चिठ्ठीच्या आधी मोबाइल पुढे येतो : "हे खरं हाय का, बघा की जरा." तेच ते प्रश्न फिरून येतात, गर्दीत नीट बोलता येत नाही, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. डी. फार्म., म्हणजे औषधशास्त्राची पदविका, आहे. रोगनिदान माझं काम नाही. शिवाय मी औषधं विकतो. "ही गोळी चांगली" असं मी म्हणालो तर त्यात माझे दोन पैसे असतात, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा. बाकीच्यांच्या बाबतीत "यात याचा फायदा काय?" हे विचारायला सांगणार आहे, तर सुरुवात माझ्यापासूनच झालेली बरी.

नात्यातल्या माणसाने पाठवलंय. ते खोटं कसं असेल?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि फसगतही सगळ्यात जास्त इथंच होते.

एका पावसाळ्यात नेहमीच्या एक काकू आल्या. दर महिन्याला बीपीची गोळी नेणाऱ्या. त्या वेळी मात्र फक्त बाम मागितला. "आणि गोळ्या?" म्हटलं तर मोबाइल दाखवला. रोज सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, पंधरा दिवसांत बीपीची गोळी कायमची बंद, खाली हात जोडलेले आणि फुलांची परडी. पाठवलं होतं त्यांच्या थोरल्या दिरांनी. निवृत्त मुख्याध्यापक, गावात शब्दाला मान. "भाऊजी उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत हो." नऊ दिवस गोळी बंद होती. मी त्यांना तसंच शेजारच्या दवाखान्यात पाठवलं. बीपी निघालं १८०/११०.

भाऊजी खोटं बोललेच नव्हते. त्यांना तो मजकूर कुणीतरी पाठवला, त्यांनी काळजीपोटी पुढे ढकलला. मजकूर त्यांचा नव्हताच. पाठवणारा वेगळा, सांगणारा वेगळा. पाठवणाऱ्यावर आपला जीव असतो, म्हणून सांगणाऱ्याची चौकशी करायचं आपण विसरतो. ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं त्याला आपण ओळखत नाही, पण त्याचं बोलणं भाऊजींच्या आवाजात ऐकू येतं. सगळी गोम तिथं आहे.

दुधीच्या रसाबद्दल एक गोष्ट त्या फुलांच्या परडीखाली लिहिलेली नव्हती. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो. त्यातून मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीचा सल्ला साधा : आधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, आणि रस प्यायल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर लगेच दवाखाना गाठा. आपल्या आया-आज्या दुधी-काकडी चिरताना शेंड्याचा तुकडा जिभेला लावून बघायच्या, ते उगाच नव्हे.

मग मूळ सांगणारा शोधायचा कसा?

मजकुरातलं एखादं ठळक वाक्य कॉपी करा आणि गूगलवर टाका, पुढे 'खरं की खोटं' असं जोडा. फार फिरलेला मजकूर असेल तर त्याची शहानिशा कुणीतरी आधीच केलेली असते. नाव दिलं असेल तर ते शोधा. "टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात असा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. टाटा मेमोरियलने आपण असं काही म्हटलेलं नाही असा खुलासा स्वतः केला होता. खुलासा वाचला किती जणांनी, देव जाणे. नारळपाणी अजून गरम होतंय.

तारीखही बघा. पाच वर्षांपूर्वीची बातमी 'ताजी' म्हणून येते.

आणि सांगणारा सापडलाच नाही तर? एसटी स्टँडवर भोंग्यातून काय सांगतात? बेवारस वस्तूला हात लावू नका. मजकुराचंही तेच. ज्या माहितीला धनी नाही, ती घरात घेऊ नये. पुढे तर मुळीच पाठवू नये.

हळदीने कॅन्सर बरा होतो म्हणतात. आपल्या सांगलीच्याच हळदीवर संशोधन झालंय ना?

हा प्रश्न इथं कुणी हसत विचारत नाही, कारण हळद हा आपल्या घरचा विषय. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत, आणि मार्केट यार्डात सौदे निघतात तेव्हा कपड्यांना बसलेला वास दोन धुण्यांत जात नाही. त्यामुळे हळदीविरुद्ध बोलणारा माणूस इथं थोडा जपूनच बोलतो.

हळदीवर संशोधन झालंय, ढीगभर झालंय. प्रश्न आहे ते कोणावर झालंय याचा. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यांच्यावर तो टाकला की पेशी मरतात, हे खरं आहे. पण त्याच बशीत फिनेल ओतलं तरी मरतात. बशीत मारणं सोपं, माणसात कठीण. माणसाने खाल्लेलं आधी पोटात जातं, आतड्यातून रक्तात यावं लागतं, यकृतातून सुटावं लागतं, मग गाठीपर्यंत पोचावं लागतं. कर्क्युमिन इथंच हरतं : आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि जे जातं ते शरीर भराभर बाहेर काढतं. त्यातून हळदीत कर्क्युमिन असतं साधारण दोन ते पाच टक्के. २०१७ साली काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. पेशंटलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही की कुणाला खरं औषध दिलंय आणि कुणाला नुसती खडूची गोळी, अशी काटेकोर चाचणी असते. तशा चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही. गुडघेदुखीत थोडा आराम पडल्याच्या छोट्या चाचण्या आहेत. कॅन्सर बरा झाल्याच्या नाहीत.

म्हणून "संशोधनात सिद्ध" असं वाचलं की विचारायचं : बशीत, उंदरात, की माणसात? माणसात असेल तर किती माणसांत? आणि ज्यांना औषध दिलं नाही अशांचा दुसरा गट होता का? चार पायऱ्यांचा जिना आहे हा. बातमी बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरची असते आणि मथळा चौथीवरचा.

आमटीत, दुधात हळद घाला, खुशाल घाला. पण जास्तीच्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, त्यातही शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या, घेऊन यकृताला सूज आल्याची उदाहरणं परदेशांत नोंदली गेली आहेत. फोडणीतली चमचाभर हळद आणि कॅप्सूलमधला अर्क यांना एकच समजू नका. केमो चालू असलेल्या पेशंटने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काहीही घेऊ नये.

"मधुमेह मुळापासून घालवा" अशी जाहिरात पेपरात छापून येते. खोटं असतं तर सरकारने छापू दिलं असतं का?

छापू दिलेलं नाही, तरी छापतात. १९५४ सालचा कायदा आहे, औषधी द्रव्ये आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याला रोगांची एक यादी जोडलेली आहे. मधुमेह, कॅन्सर, फिट्स, मोतीबिंदू, लठ्ठपणा असे बरेच रोग तीत आहेत. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न पुढचा. मी तर म्हणेन की हा कायदा माहीत असलेल्या माणसाला ही जाहिरात उलट कामाची आहे. जो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो, त्याच्या दुसऱ्या ओळीवर कशाला वेळ घालवायचा?

आता डबी उलटी करून बघा, ही सवय लावून घ्या. मागच्या उन्हाळ्यात एकाने साखरेच्या 'रामबाण' पावडरीचा डबा आणला. अठराशे रुपयांना घेतलेला. पुढे जांभळाचं चित्र, कुणा महाराजांचा फोटो. मागे बारीक अक्षरात चौदा आकडी नंबर. तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थाचा परवाना. पापडाच्या पाकिटावर असतो तोच. औषधाचा परवाना वेगळा असतो आणि तो मिळवायला वेगळे नियम असतात. त्या नंबराच्या खाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात इंग्रजीत छापलेलं होतं की हे औषधी उपयोगासाठी नाही. असं छापणं अशा पूरक आहारांना बंधनकारक आहे, म्हणून छापलेलं. पुढच्या बाजूला जांभूळ बोलतं, मागच्या बाजूला वकील बोलतो. त्या मामांना मी ती ओळ मराठीत वाचून दाखवली. ते बराच वेळ डबा हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, "आता ह्याचं काय करू?"

आयुर्वेदिक आहे म्हटल्यावर साइड इफेक्ट कसला?

आयुर्वेद जाणणारा वैद्य असं कधीच म्हणणार नाही. त्यांच्यातही मात्रा, अनुपान, पथ्य आहेच की. माझी तक्रार वैद्यांबद्दल नाही, पुडीबद्दल आहे. बाजारात, जत्रेत, गाडीवर मिळणारी बिनलेबलची पुडी. सांधेदुखीवर दोन दिवसांत घोड्यासारखं पळायला लावणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं वारंवार उघडी पडली आहेत. सूज उतरते, भूक लागते, तोंड गोल होतं, लोक म्हणतात तब्येत सुधारली. साखर आणि बीपी मागून वर जातं. अशी पुडी बरेच महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

कुठल्याही औषधाचा, आयुर्वेदिक असो की इंग्रजी, त्रास झाला तर तो कळवायला सरकारची टोल-फ्री सोय आहे : १८००-१८०-३०२४. फार थोड्यांना माहीत आहे.

सरकारी साइटवर आहे म्हणजे डोळे झाकून खरं ना?

इतरांपेक्षा जास्त भरवशाचं, एवढं नक्की. डोळे झाकून, नाही. ही गोष्ट मी माझ्याच दुकानात शिकलो, आणि चूक माझी होती.

मार्च २०२०. कोरोना नुकता आलेला. आयसीएमआरने २२ मार्चला सूचना काढली की कोरोनाच्या पेशंटची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि पेशंटच्या घरातल्या माणसांनी प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यावं. सूचना एवढीच. ग्रुपवर येईतो ती 'सरकारने सांगितलंय, सगळ्यांनी घ्या' झाली. संध्याकाळपर्यंत काउंटरवर रांग. ओळखीचे, शेजारचे, कुणी पाच पट्ट्या, कुणी दहा. मी दिल्या. चिठ्ठी मागितली नाही. सगळ्यांना चालतंय ते आपल्याला चालायला काय झालं, असं वाटलं असावं.

तीन-चार दिवसांनी आमवाताच्या एक ताई आल्या. वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्या, दिवसाला एक. माझ्याकडे एकही पट्टी नव्हती. स्टॉकिस्टकडे नव्हती, सांगलीत नव्हती. त्यांची बोटं सकाळी दाराची कडी काढण्याइतकीही वळत नाहीत, हे मला माहीत होतं. ज्यांनी दहा-दहा पट्ट्या नेल्या त्यांच्या कपाटात त्या पडून होत्या. मी दोघा-तिघांना फोन करून परत मागितल्या. एकाने दिल्या. २६ मार्चला सरकारने गोळीवर कडक निर्बंध घातले.

पुढे जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की दवाखान्यातल्या कोरोना पेशंटना तिचा फायदा होत नाही, आणि मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं.

म्हणून सरकारी सूचनेत तीन गोष्टी वाचा. कुणासाठी काढलीय, कधी काढलीय आणि कशाच्या आधारावर. 'पुरावा तोकडा आहे, तूर्त असं करा' असं लिहिलं असेल तर 'तूर्त' हा शब्द गाळू नका.

डॉक्टर, शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात. मग विश्वास ठेवायचा कुणावर?

नवा पुरावा आल्यावर बदलणारा माणूस मला बरा वाटतो. अंड्याचंच घ्या : अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांत कोलेस्टेरॉलला दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती त्यांनी २०१५ च्या आवृत्तीतून काढली. चाळीस वर्षं जराही न बदललेला दावा आढळतो तो बहुतेक गाडीवरच्या पुडीवर.

दोन भरवशाच्या साइट वेगवेगळं सांगतात. एक म्हणते बीपी १३०, दुसरी म्हणते १४०.

दोन्ही खऱ्या. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ साली रेषा १३०/८० वर आणली. आपल्याकडे निदानासाठी अजून साधारण १४०/९० धरतात. रेषा कुठं ओढायची हा थोडा पुराव्याचा आणि थोडा सोयीचा प्रश्न असतो : किती लोकांना गोळ्या सुरू करायच्या, त्यात फायदा किती, त्रास किती. असं दिसलं की साइट कुठल्या देशाची आणि कुठल्या सालची ते बघा, आणि आपला आकडा आपल्या डॉक्टरांना दाखवा. १३६ वाल्या माणसाने दोन साइटची भांडणं सोडवत बसू नये. मीठ कमी करावं आणि रोज विश्रामबागपर्यंत चालत जाऊन यावं, त्याला दोन्ही साइटची हरकत नाही.

"धोका १८ टक्क्यांनी वाढतो" वाचून झोप उडाली. खरंच एवढा?

हा आकडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितलं होतं : सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. पण १८ टक्के कशाचे? ब्रिटनमध्ये शंभर माणसांतल्या साधारण सहांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. सहाचे अठरा टक्के म्हणजे एक. शंभरातले सहा होते ते सात झाले. बातमी खोटी नाही, पण 'शंभरातल्या अठरा जणांना' असं जे आपल्या मनात उमटतं, ते खोटं.

त्याच वेळी आणखी एक घोळ झाला. त्या संस्थेने हे मांस तंबाखूच्या गटात टाकलं, म्हणून 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असे मथळे आले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. सायकलवरून पडून हाड मोडतं हे पक्कं, रेल्वेखाली सापडून माणूस मरतो हेही पक्कं. दोन्ही पक्की म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत. टक्का दिसला की 'किती जणांतले किती?' हे विचारा. उत्तर दिलेलं नसेल तर लिहिणाऱ्याला तुम्हाला घाबरवायचंय किंवा विकायचंय.

आमच्या आत्याला त्या औषधाने गुण आला. डोळ्यांनी बघितलंय. आता बोला!

आत्यांना बरं वाटलं, आनंद आहे. त्यांच्या बरं होण्यावर शंका नाही. ते कशामुळे झालं यावर आहे.

काविळीचं बघा. आपल्याकडे दर दहा-वीस गावांत काविळीचं औषध देणारा एक जण असतो, ठरल्या वारी, पहाटे, उपाशीपोटी. बरेच तर पैसेही घेत नाहीत, म्हणून विश्वास आणखी बसतो. त्यांना गुणही येतो, कारण दूषित पाण्यातून होणारी अ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. औषध दिलं तरी, नाही दिलं तरी, मारुतीला नारळ फोडला तरी. म्हणजे आपोआप ओसरणाऱ्या रोगावर जो जे देईल ते लागू पडतं. मग प्रश्न हा की औषध न घेतलेले दहा जण कुठं आहेत? जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ साली हेच केलं. हिरड्यांतून रक्त येणारे, गळालेले बारा खलाशी घेतले, दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं. संत्री-लिंबू मिळालेली जोडी उठून कामाला लागली. तुलनेला बाकीच्या पाच जोड्या समोर होत्या, म्हणून ते कळलं.

काविळीत घात होतो तो दुसरीकडे. बी प्रकारची कावीळ, पित्तनळीत अडकलेला खडा किंवा गाठ, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप), यातही डोळे पिवळेच होतात, आणि ते आपोआप ओसरतीलच असं नाही. गरोदर बाईला ई प्रकारची झाली तर जिवावर बेतू शकतं. पाल्याचा रस पिण्यात गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत.

आणि ते हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, 'कावीळ उतरली' म्हणतात ना, त्यात आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी असते. दोन्ही एकत्र आलं की पिवळं. पेशंटच्या जागी धडधाकट माणसाचे हात धुवा, तेवढंच पिवळं येतं. आपल्या शेजारच्या सातारचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती असे प्रयोग गावोगाव करून दाखवते. मी माझ्या मुलाला घरच्या मोरीत करून दाखवला. त्याला कावीळ नव्हती, खोडकरपणा होता, तो काही उतरला नाही.

साप चावला तर मोबाइलवर काय शोधायचं?

काही नाही. १०८ ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना.

शिराळ्यापासून कृष्णाकाठच्या उसापर्यंत रात्री पाण्याला जाणारी माणसं आहेत आपली, म्हणून हे सांगतोय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस, म्हणजे प्रतिविष, असते आणि ती सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका, हातपाय हलवू देऊ नका, अंगठी-कडं काढून ठेवा. मंत्र घालून दवाखान्यात जायला अडवणारा माणूस २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. साप, विंचू आणि कुत्रा, तिन्ही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायची आणि रेबीजची लस सुरू करायची. चटणी, चुना भरायचा नाही.

पुराच्या वेळी अफवा फार येतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घराघरांत असताना धरणाच्या अफवा आल्या, पाणी ओसरल्यावर औषधांच्या. 'लेप्टोसाठी सगळ्यांनी ही कॅप्सूल घ्या' ही त्यातलीच एक. कॅप्सूल खरीच असते, पण कुणाला द्यायची हे आरोग्य विभाग ठरवतो. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती सरसकट देत नाहीत. अशा वेळी तुमच्या आशाताई ही सगळ्यात जवळची खरी बातमी. त्या येतात, यादी करतात, परत बघायलाही येतात. ग्रुपवरचा 'आरोग्यमित्र' परत बघायला येत नाही.

यूट्यूबवरचे डॉक्टर खरे की नाही हे कसं ओळखावं?

नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते. डॉक्टर खरा निघाला तरी विषय त्याचा आहे का ते बघा. हाडांचे डॉक्टर किडनीवर बोलत असतील तर ते तुमच्या-माझ्यापेक्षा थोडंच जास्त जाणतात. आणि व्हिडिओच्या खाली त्यांचीच पावडर विकायला असेल तर मी जे माझ्याबद्दल पहिल्या उत्तरात सांगितलं तेच त्यांनाही लागू.

चॅटबॉटला विचारलं तर चालेल का? मुलगा तेच करतो.

रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला, चालेल. मी स्वतः करतो. पण ते यंत्र चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच गोड आवाजात देतं, आणि कधी कधी नसलेल्या संशोधनाचा दाखला देतं. दाखला दिला तर तो उघडून बघा, उघडत नसेल तर नाही समजा. डोस मात्र त्याला विचारू नका. तुमच्या किडनीचा रिपोर्ट त्याला माहीत नसतो आणि माहीत नाही हे ते नेहमी सांगतही नाही.

घरातल्या मोठ्यांना ग्रुपवर कसं सांगायचं? वाईट वाटतं त्यांना.

ग्रुपवर सांगूच नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस मजकुराची बाजू सोडत नाही, कारण ती आता त्याच्या अब्रूची बाजू झालेली असते. वेगळा फोन करा. "भाऊजी, ते दुधीचं कुणाकडून आलं हो?" एवढंच विचारा. त्या काकूंनी हेच केलं. भाऊजींनी त्यांच्या मित्राला विचारलं, मित्राने व्याह्यांना, व्याह्यांनी त्यांच्या नातवाला. नातवाला काही आठवेना. चार दिवसांनी भाऊजींनी ग्रुपवरचा मजकूर स्वतः काढून टाकला आणि तिथं दुधीच्या थालीपिठाची कृती टाकली. ती मात्र चांगली होती.

नेटवर वाचलेलं डॉक्टरांना विचारलं की ते चिडतात.

काही चिडतात, खरंय. सत्तर पेशंट बाहेर बसलेले असतात. "मी असं वाचलंय, हे द्या" म्हणण्यापेक्षा "हे वाचलंय, माझ्या बाबतीत लागू आहे का?" असं विचारून बघा. एकच प्रश्न, कागदावर लिहून नेलेला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घेऊन जा, पुडी घेत असाल तर पुडीसुद्धा. लपवू नका. तरीही दर वेळी चिडत असतील तर मिरजेत डॉक्टरांचा तुटवडा नाही.

तुम्हाला विचारायला कधी आलं तर चालेल?

दुपारी एक ते चार दुकान बंद. संध्याकाळी सात ते नऊ गर्दी असते, तेव्हा नको. सकाळी अकराला या. डबा किंवा पट्टी सोबत आणा, नुसता फोटो नको, मागची बारीक अक्षरं फोटोत येत नाहीत. भिंग माझ्याकडे आहे.